बास चावतो, पण गळाला राहत नाही: चूक नेमकी कुठे ते कसं शोधायचं

अमेरिकेत टेक्सास, जॉर्जिया, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, कुठल्याही तळ्यावर लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवणाऱ्यांची एक तक्रार कायम असते: दिवसभरात आठ-दहा चावे आले, हाती मासे दोन. त्यावर बहुतेक जण ल्युअर, म्हणजे नकली आमिष, बदलतात. आधी रंग, मग आकार, मग दुकानातून नवं पाकीट. पण मासा चावला याचाच अर्थ त्याला ल्युअर पसंत पडला होता, म्हणजे ल्युअरने आपलं काम केलं. त्यापुढचं काम गळाची जाडी, रॉडचा कडकपणा आणि लाइन या तिघांचं असतं, आणि मासे सुटतात ते बहुतेक वेळा या तिघांचं एकमेकांशी जमत नसल्यामुळे. म्हणून चावे येत असतील तर ल्युअर तोच ठेवा आणि बाकीचं तपासा.

तपासायला सुरुवात करण्याआधी बास खातो कसा ते लक्षात घ्या. तो आमिषाचे लचके तोडत नाही. तोंड एका झटक्यात उघडतो, गालफडं फुगवतो आणि समोरचं पाणी आत ओढतो. पाण्याबरोबर आमिष आत जातं, पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं. आवडलं नाही तर तसंच फुंकून बाहेर टाकतो, आणि या सगळ्याला एखाद-दुसरा सेकंद लागतो. लाइन तारेसारखी ताणलेली असेल तर आमिष पुरतं आत जात नाही, ओठांवरच राहतं. लाइन फार ढिली असेल तर चावा कळेपर्यंत मासा ते टाकून मोकळा होतो.

आधी खात्री करा: तो बासच होता का?

टक-टक-टक अशा बारीक, सलग टोचण्या जाणवल्या, हिसका दिला आणि रबरी वर्म, म्हणजे नकली गांडूळ, शेपूट तुटून परत आला, तर तो बहुधा ब्लूगिल हा छोटा मासा. त्याचं तोंड इतकं लहान की 3/0 मापाचा गळ त्यात जाणार नाही. तो शेपूट पकडून ओढतो. अमेरिकेतल्या बहुतेक तळ्यांत हा मासा भरपूर आहे, आणि 'सुटलेल्या' चाव्यांपैकी कितीतरी त्याचेच असतात. बासचा चावा एकदाच येतो, 'ठक' असा. किंवा काहीच जाणवत नाही आणि लाइन हळूच बाजूला सरकू लागते. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं असेल तर ठकही येत नाही. रॉडच्या टोकाला ओलं फडकं अडकल्यासारखं नुसतं जड लागतं. थंडीच्या दिवसांत ते जडपण हाच चावा समजा आणि हिसका द्या.

मासा गेल्यावर ल्युअर हातात घेऊन नीट पाहा. फक्त शेपूट गेली असेल तर ब्लूगिल. डोक्याजवळ, गळाच्या आसपास खरवडल्यासारखा खडबडीतपणा असेल तर बासने सगळं तोंडात घेतलं होतं, पण गळ रुतला नाही. वर्म गळावरून खाली घसरून गोळा झाला असेल तर टोक प्लास्टिकच्या बाहेर आलंच नाही. या खुणा पुढच्या प्रत्येक तपासणीत उपयोगी पडतात, म्हणून ल्युअर घाईने नीट करून परत फेकू नका.

टेक्सास रिग: सगळ्यात जास्त चुका इथेच

वर्मच्या डोक्यातून गळ घालून टोक परत अंगात लपवायचं, पुढे गोळीच्या आकाराचं वजन, हा टेक्सास रिग. टोक लपलेलं असल्यामुळे गवतात अडकत नाही. पण त्याच कारणाने हिसक्याला दोन कामं करावी लागतात: आधी प्लास्टिकमधून टोक बाहेर काढायचं, मग ते जबड्यात घालायचं. यात जाणारी ताकद कुठे वाया जाते ते क्रमाने पाहू.

पहिली जागा म्हणजे गळाचा गॅप, म्हणजे टोक आणि दांडी यांमधली मोकळी जागा. हिसका बसतो तेव्हा प्लास्टिक दबून दांडीकडे सरकतं आणि त्याला तिथे जागा लागते. जाड क्रिएचर बेट (पाय-शेपट्या असलेलं रबरी आमिष) 3/0 च्या साध्या ऑफसेट (डोळ्याजवळ दांडीला मोड असलेल्या) गळावर लावलं तर सगळा गॅप प्लास्टिकनेच भरतो. टोकाला चावायला जागा उरत नाही. 6-7 इंची बारीक वर्मला 3/0 ऑफसेट पुरतो. 5 इंची जाड स्टिक वर्मला 4/0 ईडब्ल्यूजी, म्हणजे रुंद गॅपचा. क्रिएचर आणि क्रॉ (झिंग्यासारखं रबरी आमिष) यांना 4/0 किंवा 5/0 ईडब्ल्यूजी. घरीच एक परीक्षा करा: रिग लावा, टोक लपवा, आणि वर्म दोन बोटांनी दांडीकडे दाबा. टोक सहज, स्वच्छ बाहेर आलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर गळ मोठा घ्या किंवा टोक वेगळ्या तऱ्हेने लपवा: अंगातून आरपार काढा, आणि वरच्या पातळ सालीत टोकाचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग अडकवा. गवतात अडकण्यापासून तेवढं पुरतं.

दुसरी जागा गळाच्या तारेची जाडी. इथली चूक लवकर ध्यानात येत नाही. जाड तारेचा गळ दणकट दिसतो म्हणून लोक तोच घेतात आणि मीडियम (मध्यम कडक) स्पिनिंग रॉडला (रील खाली लटकतं तो), 8 पौंडी, म्हणजे 8 पौंड ताण सोसणाऱ्या, लाइनवर लावतात. जाड टोक आत शिरायला जास्त जोर लागतो. तो जोर मऊ रॉडकडे नाही आणि ताणल्या जाणाऱ्या बारीक लाइनकडेही नाही. मासा दहा सेकंद वजन देतो, मग तोंड उघडतो आणि गळ बाहेर पडतो. तो रुतलेलाच नव्हता, माशाने नुसता जबड्यात धरून ठेवला होता. उलट बारीक तारेचा गळ हेवी रॉड आणि 50 पौंडी ब्रेडला (विणलेल्या धाग्याच्या लाइनला) लावला तर तो सरळ होऊन परत येतो. जाड गळ, हेवी रॉड, जाड लाइन एकत्र ठेवा. बारीक गळ, मीडियम रॉड, बारीक लाइन एकत्र. टेक्सास रिगसाठी बहुतेक पाण्यांत चालणारी जुळणी अशी: 7 फूट ते 7 फूट 3 इंचांचा मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा (टोकाशीच वाकणारा) बेटकास्टिंग रॉड (रील वर बसतं तो), सुमारे 7:1 गिअरचं (जलद गुंडाळणारं) रील, 15 ते 17 पौंडी फ्लुरोकार्बन (एक प्रकारची पारदर्शक प्लास्टिक लाइन).

तिसरी जागा वजन आणि त्याचं सरकणं. मोकळ्या पाण्यात वजन लाइनवर मोकळं असलेलं चांगलं. गवतात मात्र ते वर्मपासून वेगळं होतं, वजन गवताच्या एका बाजूला आणि वर्म दुसऱ्या बाजूला. तेव्हा हिसका वर्मपर्यंत पोहोचण्याआधी गवतातच मुरतो. रबरी बॉबर स्टॉप (लाइनवर ओवायचा छोटा अडथळा) वजनाच्या वर सरकवून ते वर्मच्या डोक्याशी अडकवून ठेवा. टेक्सासमधल्या सॅम रेबर्नसारख्या, हायड्रिला या पाणगवताने भरलेल्या तळ्यात याशिवाय इलाज नाही. वजन शक्य तितकं हलकं घ्या: 6-8 फूट पाण्यात, वारा नसताना, 1/8 ते 3/16 औंस भरपूर झालं. अर्धा औंस शिसं बासच्या ओढीला विरोध करतं आणि तोंडाबाहेर लटकत राहून गळाला उचकटतंही. टंगस्टन शिशाच्या जवळपास दीडपट घनतेचं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लहान होते आणि तळ जास्त स्पष्ट कळतो. महाग आहे, पण न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात एक औंस किंवा त्याहून कमी वजनाचे शिशाचे सिंकर (वजनं) आणि जिग (वजन जोडलेले गळ) वापरायला बंदीच आहे, त्यामुळे अमेरिकेच्या ईशान्येकडे जाणाऱ्यांनी डबा आधीच तपासावा.

चौथी जागा हात. चावा कळला की रॉडचं टोक पाण्याकडे खाली करा, ढील गुंडाळून घ्या, आणि लाइन ताणली जाण्याच्या बेतात असताना हिसका द्या. टोक वर असतानाच हिसका दिला तर रॉडला जायला फुटभर जागाच उरत नाही. घरी हे मोजता येतं. लाइनचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा, काटा कुणाला तरी धरायला सांगा, 10-12 मीटर मागे जा आणि नेहमीचा हिसका द्या. काट्यावरचा आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो. तोच प्रयोग साध्या नायलॉनच्या तंगूसवर आणि ब्रेडवर करून पाहा. नायलॉन ताणाखाली बराच लांबतो, ब्रेड जवळजवळ लांबत नाही. लांबवर फेकलेल्या ल्युअरवर मासे सुटतात आणि जवळच्यावर लागतात, त्याचं कारण या फरकात आहे.

आणि टोक. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं ठेवून हलकेच ओढा. अडकलं तर ठीक, घसरलं तर बोथट आहे. दगडी तळावर दहा-बारा वेळा घासल्यावर नवा गळही घसरायला लागतो. गळ बदलायचा कंटाळा हेच मासे सुटण्याचं सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारं कारण आहे.

उघड्या टोकाचे रिग: इथे हिसका देऊ नका

ड्रॉपशॉट (वजन खाली टोकाला, गळ त्याच्या वर), नेड (गोल डोक्याच्या हलक्या जिगवर वर्मचा छोटा तुकडा) आणि वॅकी (वर्मच्या मधोमध टोचलेला गळ) या तिन्हींत टोक उघडं असतं आणि गळ बारीक तारेचा. टेक्सास रिगची सवय असलेला माणूस इथेही कचकन हिसका देतो आणि एकतर लाइन तोडतो, नाहीतर ओठ फाडतो. चावा आला की नुसतं रील फिरवत राहा आणि रॉड सावकाश वर-बाजूला न्या. वजन येईल, टोक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसेल. 10 ते 15 पौंडी ब्रेड, पुढे 8 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (ल्युअरकडचा जोडतुकडा), मीडियम लाइट किंवा मीडियम स्पिनिंग रॉड.

वॅकीत उलटी चूकही होते: चावा कळल्यावर 'जरा खाऊ दे' म्हणून थांबणं. तेवढ्यात मासा वर्म गिळतो आणि गळ घशात जातो. तो मासा सोडला तरी जगण्याची शाश्वती कमी. टेक्सासच्या लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला लार्जमाउथ ठेवताच येत नाही, सोडावाच लागतो. अशा पाण्यावर घशातला गळ म्हणजे नियम पाळूनही मासा मारणं. लाइन सरकताना दिसली की लगेच ताण घ्या.

नेडचे ताणणारे, तरंगणारे एलाझटेक या प्लास्टिकचे तुकडे साध्या रबरी वर्मच्या कप्प्यात ठेवू नका. दोन्ही प्लास्टिकं एकमेकांत वितळून चिकट गोळा होतो. त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा.

पोकळ बेडूक: सगळ्यात मोठा स्फोट, सगळ्यात जास्त रिकामे गळ

महाराष्ट्रात मरळीसाठी बेडूक फेकलेल्यांना हा ल्युअर ओळखीचा असेल, आणि त्यांची सवय इथे कामाला येते: पाणी उसळलं म्हणून हात हलवायचा नाही. बास शेवाळाच्या किंवा कुमुदाच्या पानांच्या जाड थराखालून वर येतो. त्याला बेडूक नीट दिसत नाही, सावली आणि हालचाल दिसते. पहिल्या फटक्यात तो बरेचदा चुकतो किंवा बेडकाला थरासकट वर उडवतो. त्या क्षणी हिसका दिला तर बेडूक हवेतून तुमच्याकडे येतो आणि मासा सावध होतो. बेडूक दिसेनासा झाला आणि रॉडला वजन लागलं, तरच हिसका. नजर उसळलेल्या पाण्यावर न ठेवता लाइनवर ठेवली तर हे जमतं.

बेडूक दिसेनासा होत नसेल, फटके येऊन नुसते चुकत असतील, तर बेडूक थांबवा. तिथेच, फटक्याने थराला पडलेल्या भोकात, चार-पाच सेकंद. मग नुसता थरथरवा, पुढे ओढू नका. तरी नाही घेतला तर त्याच भोकात वजन न लावलेला स्टिक वर्म टाका. दुसरा रॉड त्यासाठी तयार हवा, गाठ बांधत बसलात तर मासा निघून जातो. अलाबामातल्या गंटर्सव्हिलसारख्या तळ्यांवर उन्हाळा संपताना आणि शरदात हायड्रिला-मिलफॉइल या पाणगवतांचे मोठे थर पृष्ठभागावर येतात, तिथे ही युक्ती खास उपयोगी पडते.

बेडकातही दुरुस्त्या आहेत. दोन गळ अंगाला चिकटून बसलेले असतात. पकडीने ते किंचित वर आणि बाहेर वळवा, अगदी थोडे. जास्त वळवले तर गवत गोळा होतं आणि तार कमजोर होते. अंग दाबून पाहा. दोन बोटांत सहज दबून टोकं उघडी पडली पाहिजेत. फार टणक बेडूक मोठ्या माशालाही दाबता येत नाही. पाय लांब असतील तर एक-दीड इंच कापा, म्हणजे पायाला धरणारे मासे कमी होतील. एक पाय जरा आखूड ठेवला की बेडूक एका बाजूला जास्त वळतो, हे मुद्दाम करण्यासारखं आहे. पोटात पाणी शिरलं तर बेडूक मागून बुडतो आणि गळ पाण्यात खाली जातात. दर चार-पाच फेकींनंतर पिळून काढा.

लाइन 50 ते 65 पौंडी ब्रेड, थेट बेडकाला, लीडर नको. रॉड 7 फूट ते 7 फूट 4 इंचांचा हेवी. ड्रॅग (ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) जवळजवळ बंद. इथे माशाला खेळवायचं नसतं, त्याचं डोकं थराच्या वर काढून सरळ ओढून आणायचा. थराखाली वळू दिला की दहा पौंड गवतासकट बास ओढावा लागतो, आणि मग गळ सुटतो तो गवताच्या वजनामुळे.

फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं, म्हणून पृष्ठभागावरच्या, पाणी उडवणाऱ्या पॉपरला आणि डावी-उजवीकडे वळत चालणाऱ्या ल्युअरला ते लावू नका. ते नाक खाली ओढतं. नायलॉनचा जाड तंगूस किंवा ब्रेडपुढे नायलॉनचा लीडर ठीक.

तिहेरी गळाचे ल्युअर: लागतो, पण मध्येच सुटतो

क्रँकबेट (पुढे ओठासारखी पट्टी असलेला टणक, माशाच्या आकाराचा ल्युअर) आणि लिपलेस (तशी पट्टी नसलेला) यांत दोष उलटा असतो. मासा हमखास लागतो, पण किनाऱ्याजवळ येऊन उडी मारतो, डोकं झटकतो आणि ल्युअर हवेत भिरकावतो. लहान तिहेरी गळ बरेचदा जबड्याच्या हाडात न बसता बाजूच्या पातळ पडद्यात बसतात. कडक रॉडने ओढलं की ते भोक मोठं होत जातं. म्हणून इथे मॉडरेट ॲक्शनचा, अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड हवा, काचतंतूचा किंवा मिश्र. 10 ते 12 पौंडी फ्लुरोकार्बन, 5:1 ते 6:1 चं रील. हिसका नको. वजन लागलं की रील न थांबवता रॉड बाजूला झुकवा. मासा वर येताना दिसला तर रॉडचं टोक पाण्यात बुडेल इतकं खाली न्या, उडी अर्ध्यावर येते. अर्ध्या औंसाचा लिपलेस स्वतःच्या वजनानेच तरफेसारखा गळ उपसतो, त्यामुळे त्यावर ढील क्षणभरही चालत नाही.

कारखान्यातून आलेले गळ बोथट असतील तर बदला, पण मापाकडे लक्ष द्या. एक माप मोठा गळ लावल्यावर ल्युअरची थरथर मंदावली किंवा दोन गळ एकमेकांत अडकू लागले तर मूळ मापावर परत या.

स्पिनरबेटवर (फिरत्या पात्याच्या ल्युअरवर) मागून अर्धवट चावे येत असतील तर ट्रेलर हूक (मागे जोडायचा जादा गळ) लावा आणि स्कर्ट (रबरी झालर) गळाच्या वळणाच्या थोडा मागे येईल इतका छाटा. गवत दाट असेल तिथे ट्रेलर हूक काढून ठेवा.

लाइन तुटली तर तिचं टोक वाचा

तुटलेलं टोक फेकून देऊ नका. डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं असेल तर गाठ सरकली. टोकाच्या वरचे काही इंच खडबडीत, पांढुरके असतील तर लाइन दगडावर किंवा लाकडावर घासली. असं असेल तर तेवढी लाइन प्रत्येक दोन-तीन माशांनंतर कापा. गाठीच्याच जागी तुटकं, ठिसूळ टोक असेल तर गाठ आवळताना लाइन कोरडी होती. फ्लुरोकार्बन घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं. थुंकीने ओली करून सावकाश आवळा. ब्रेडला पालोमार गाठ बांधा, साधी क्लिंच गाठ ब्रेडवर सरकते.

ड्रॅग हाताने ओढून अंदाजाने लावू नका. लाइन सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) काढून काट्याला बांधा, रॉड वाकवा, आणि लाइनच्या ताकदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर ड्रॅग सुटेल असा लावा. 15 पौंडी लाइनला म्हणजे साधारण 4 पौंड.

यातलं सगळं तपासूनही हिसका 'पोकळ' लागत असेल तर स्पूलकडे, म्हणजे रीलवर लाइन गुंडाळली जाते त्या चाकाकडे, पाहा. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधलेला असेल तर ड्रॅग पूर्ण आवळूनही सगळी लाइन स्पूलभोवती गोल फिरते. हँडल फिरतं, लाइन येत नाही, आणि माणूस ड्रॅग खराब झाला समजून रील दुरुस्तीला टाकतो. लाइन हाताने ओढा आणि स्पूलकडे लक्ष ठेवा. स्पूल स्थिर राहून लाइन सरकत असेल तर रील ठीक आहे. सगळा ब्रेड काढा, आधी नायलॉनचे आठ-दहा मीटर भरा किंवा इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा, आणि मग ब्रेड ओल्या फडक्यातून ताण देत परत भरा.